ताईंची रविवारची शर्यत

प्रिय ईशा आणि ओंकार,

मागच्या आठवड्यात फोनवर ईशाने विचारलं, की ताईआजी खरंच ओंकारकडून कॉम्प्युटरवर गाडी पळवायला शिकली, की बाबा सगळं रंगवून सांगतो? ओंकार तेव्हा शेजारीच होता, पण तो फोनवर आला नाही. ताईआजी गेल्याचं कळल्यापासून तो हा विषय निघाला की उठून जातो, असं तुमची आई म्हणते. म्हणून हे लिहायला घेतलं. ईशा, तू तेव्हा फार लहान होतीस. ओंकार, तुला आठवतं, पण तुला एकच बाजू माहीत आहे, टोरांटोची. नाशिकच्या बाजूला काय चाललं होतं ते तुला कोणी सांगितलेलं नाही.

ताई गेल्या त्या दिवशी वेगळं असं काहीच झालं नाही. सकाळचा चहा झाला. यंदा द्राक्षं आंबट निघाली म्हणून त्यांनी नाक मुरडलं, पण बशी रिकामी केली. मग पेपर घेऊन आपल्या खोलीत गेल्या. जेवायला हाक मारली, उत्तर आलं नाही. ऐकू कमी येतं म्हणून मी आत गेले, तर त्या खुर्चीत तशाच, चष्मा डोळ्यांवर, पेपर मांडीवर... डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे धक्का असा बसला नाही. मी आधी त्यांचा चष्मा काढून ठेवला आणि मग तुमच्या बाबांना, अजयला फोन लावला.

ताई म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये केली, ट्रंक कॉलच्या बोर्डावर. बाहेरगावी फोन करायचा तर आधी नोंदवायचा आणि मग ऑपरेटर जोडून देणार, असा तो काळ होता. कानाला हेडफोन, समोर भोकांचा मोठा फळा, हातात दोऱ्या. सटाण्याहून मागणी आली की एक दोरी या भोकात, मुंबईची दुसरी दोरी त्या भोकात. बोलणं संपलं की दोन्ही दोऱ्या उपसायच्या, नाहीतर लाइन अडकून राहते आणि दुसऱ्या कोणाला मिळत नाही. नव्वदच्या सुमारास सगळं आपोआप जोडलं जाऊ लागलं, बोर्ड भंगारात गेले आणि ताईही लवकरच निवृत्त झाल्या. तुमचे आजोबा गेल्यावर त्या गंगापूर रोडच्या आपल्या घरी राहायला आल्या. मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी. त्यांच्या खोलीत कालची वर्तमानपत्रं, परवाच्या सुपाऱ्या आणि कोणी कोणी दिलेल्या वस्तू. दोघींचं जमेल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण जमलं, कारण त्या माझ्या स्वयंपाकघराला हात लावत नसत आणि मी त्यांच्या खोलीला.

कॉम्प्युटर आला तो ओंकारमुळे. अजय कॅनडात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि सुट्टीत सगळे नाशिकला आले होते. ओंकार तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. तिकडे गेल्यापासून हा मुलगा गप्प झाला होता. इंग्रजी अजून तोंडात बसलं नव्हतं आणि मराठी बोलायची त्याला लाज वाटायला लागली होती. विचारलं तर मान हलवायचा. अजयने मेनरोडजवळच्या एका दुकानातून कॉम्प्युटर जुळवून आणला, खेळासाठी वेगळं ग्राफिक कार्ड वगैरे घालून, आणि जागा नाही म्हणून ठेवला ताईंच्या खोलीत. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. ओंकार खेळायचा, ताई मागे पलंगावर बसून बघायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, की अरे, त्या वळणावर तू दरवेळी उलटतोस, मग वेग आधी का नाही कमी करत? ओंकारने वळून पाहिलं आणि म्हणाला, "तू करून दाखव." घरात पाऊल टाकल्यापासूनचं ते त्याचं पहिलं अख्खं वाक्य. ताई उठून खुर्चीत बसल्या. गाडी थेट नदीत गेली. पण त्या दिवसापासून त्या खोलीतून बोलण्याचा आवाज येऊ लागला.

सुट्टी संपली, मंडळी परत गेली. मग अजयने इंटरनेटवरून दोघांना एकच शर्यत खेळता येईल अशी सोय लावून दिली. आपल्याकडे रविवारची सकाळ, तुमच्याकडे शनिवारची रात्र. ताई आंघोळ करून, हेडफोन लावून बसायच्या, अगदी ड्यूटीवर बसल्यासारख्या. ओंकार शाळेतलं, मित्रांचं, मारामाऱ्यांचं जे काही सांगायचा, ते गाडी चालवता चालवता आणि मराठीत. तुमची आई एकदा मला फोनवर म्हणाली, की आठवड्यातून तेवढा एकच तास हा आमच्या भाषेत बोलतो. मी ते ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे लाइन तुटू द्यायची नाही." बास, एवढंच.

त्या वर्षांत लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. ऐन शर्यतीत वीज जायची, पडदा काळा व्हायचा. तिकडे ओंकारला वाटायचं, आजी रागावून गेली. शेवटी आम्ही इन्व्हर्टर घेतला. आता अडचण सुटली असं वाटलं आणि तिथूनच खरी अडचण सुरू झाली. कॉम्प्युटर हळू होऊ लागला. आधी थोडा, मग रोज जास्त. शर्यतीत ताईंची गाडी हवेतच अडकायची, इंजिनाचा आवाज चालूच, आणि हलायची तोवर ओंकार पुढे निघून गेलेला. तो बिचारा वाट बघायचा. मग वाट बघताना जांभया द्यायला लागला. मग एका रविवारी म्हणाला, की आजी, तुझं मशीन स्लो आहे, माझे मित्र ऑनलाइन आलेत, मी त्यांच्याशी खेळू का? ताई म्हणाल्या, खेळ की. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या हेडफोन तसेच लावून रिकाम्या पडद्यासमोर बसल्या होत्या. पुढच्या रविवारी तो आलाच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, पण घाईत. मला धास्ती वाटली आणि त्यांनाही वाटत असणार. मुलं रुसून जात नाहीत, कंटाळून जातात, आणि कंटाळून गेलेल्याला परत बोलावता येत नाही.

दुकानातून पगार आडनावाचा तंत्रज्ञ आला. सटाण्याकडचा, घरची डाळिंबाची बाग, आला की एखादं डाळिंब टेबलावर ठेवल्याशिवाय राहायचा नाही. त्याने निदान केलं, की मावशी, इन्व्हर्टरवर मशीन दमतं. आम्हालाही ते पटलं, कारण इन्व्हर्टर आला आणि त्रास सुरू झाला, हे तर आमच्या डोळ्यांसमोरचं. बोलता बोलता तो गावाकडच्या अहिराणीवर आला, "मशीन एक नंबर शे, मावशी." शे म्हणजे आहे. ताईंना सटाणा-मालेगावच्या लाइनी जोडून जोडून ती बोली तोंडपाठ होती. त्या म्हणाल्या, "एक नंबर शे, तर मंग पळत का नही?" पगार हसला आणि इन्व्हर्टर सोडून रॅम वाढवायच्या मागे लागला. रॅम म्हणजे काय ते मी वाचून घेतलं. आपल्या ओट्यासारखी ती जागा. फडताळात कितीही सामान असो, हातातलं काम ओट्यावरच होतं आणि ओटा भरला की कणीक मळायला जागा उरत नाही. पगारने ओटा दुप्पट लांब करून दिला. चार-सहा दिवस गाडी सुसाट पळाली. मग पुन्हा अडकली. आता त्याचं म्हणणं पडलं, की सगळं पुसून नव्याने टाकू. ताईंनी साफ नाही म्हटलं. एवढ्या सगळ्यांनी दिलेलं पुसायचं कसं?

हे 'सगळ्यांनी दिलेलं' म्हणजे काय, ते ऐका. आपल्या गल्लीत कॉम्प्युटर नवा होता. येणारा-जाणारा ताईंच्या खोलीत डोकवायचा आणि कोणी रिकाम्या हाताने यायचं नाही. समोरच्या काकूंनी पंचांगाची सीडी आणली, सकाळी कॉम्प्युटर लावला की तिथी आणि राहुकाळ दिसायचा. त्यांच्या जावयाने अँटीव्हायरस घालून दिला. पगारने आधीच एक घातला होता, पण जावयाला नाही कसं म्हणायचं? कोणी मराठी टाइप करायची सोय दिली, कोणी काचेच्या पेटीतले मासे, कोणी दर तासाला घंटा वाजवणारं घड्याळ. ताईंचा नियम असा, की घरात आलेलं माणूस आणि माणसाने आणलेली वस्तू, दोघांनाही जागा द्यायची. त्यांच्या खोलीचं जे झालं होतं, तेच आता त्या खोक्याच्या आत झालं होतं, फक्त डोळ्यांना दिसत नव्हतं.

आम्ही दोघी एका सोमवारी सकाळचं आवरून बसलो. कोणता प्रोग्रॅम किती जागा अडवतो ते दाखवणारी एक खिडकी कॉम्प्युटरमध्येच असते, हे मी इंग्रजी मदतीच्या पानांवर वाचलं होतं. ती उघडली. नावं चमत्कारिक होती, पण एकेक शोधून काढली. मी म्हटलं, ताई, एकाच दाराला दोन राखणदार ठेवलेत, ते एकमेकांनाच चोर समजून तपासत बसतात. जावयांचा अँटीव्हायरस काढू. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, की काढ, पण काकूंना कळू देऊ नको. मासे गेले, घड्याळ गेलं. पंचांगावर वाद झाला. मी म्हटलं, भिंतीवर कालनिर्णय आहे की. त्या म्हणाल्या, "शालू, तुला आवरायला दिलं तर तू मलाही डब्यात भरून चिठ्ठी लावशील." शेवटी ठरलं, की पंचांग राहील, पण आपणहून सुरू होणार नाही, बघायचं तेव्हाच उघडायचं.

इतकं करून संध्याकाळी गाडी पळवून पाहिली. बरी होती. बुधवारपर्यंत पुन्हा अडकायला लागली. मी कंटाळून पगारला बोलवायचं म्हणत होते, तेव्हा ताई एकदम बोलल्या, की पूर्वी लोडशेडिंगमध्ये पडदा काळा व्हायचा तेव्हा हे होत नव्हतं. मी म्हटलं, हो, इन्व्हर्टर नव्हता ना. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, की इन्व्हर्टरचा दोष नाही, तेव्हा वीज जायची म्हणून कॉम्प्युटर रोज बंद पडायचा आणि बंद पडला की सगळ्या दोऱ्या आपोआप निघायच्या. आता तो बंदच होत नाही. खरं होतं ते. ताई कॉम्प्युटर कधीच बंद करत नसत. रात्री पडदा तेवढा विझवायच्या. एक्स्चेंजचा बोर्ड दिवाळीलाही बंद नसतो आणि इतकी वर्षं तिथे काढलेल्या बाईला चालू यंत्राचं बटण दाबणं अपशकुनासारखं वाटायचं. इन्व्हर्टर आला आणि त्यांच्या मनासारखं झालं, यंत्र दिवसरात्र जागं.

"कोणीतरी बोलणं संपवून गेलंय आणि दोरी तशीच आहे," त्या म्हणाल्या. "आता बघायचं, कोणाची."

मग आम्ही कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला आणि ती खिडकी उघडी ठेवली. ताई भाजी निवडत बसल्या, मी शिवण घेतलं, आणि अधूनमधून एकीने वाकून आकडे वाचायचे. बाकी सगळे जागच्या जागी होते. एकच आकडा वाढत होता. चहाच्या वेळी वाढला, जेवणाच्या वेळी वाढला, उन्हं उतरली तेव्हा तो सगळ्यांच्या वर जाऊन बसला. मी नाव वाचलं आणि ताईंकडे पाहिलं. त्यांनी आधीच ओळखलं होतं. तो बाळ्या होता.

ईशा, तुला बाळ्या माहीत नाही. सुट्टीतून परत जाण्याआधी ओंकारने पडद्यावर एक छोटा तपकिरी कुत्रा सोडला होता. तो खालच्या कडेने फिरायचा, बसायचा, शेपूट हलवायचा, मधूनच झोपायचा. ओंकार गेल्यावर ताईंनी त्याचं नाव बाळ्या ठेवलं. दुपारी आडव्या झाल्या तरी पडदा चालू ठेवायच्या, तो फिरताना दिसावा म्हणून. तो जेवढा फिरायचा तेवढी जागा घ्यायचा आणि घेतलेली परत द्यायचा नाही. बनवणाऱ्याची काहीतरी चूक असणार. माशांचं, घड्याळाचं ठीक होतं. हे काढायचं कसं? मी एकदा बोलून पाहिलं, की ताई, या कुत्र्यापायी तो मुलगा जाईल. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, की त्याची वस्तू आहे, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि विचारलं तर त्याला काय वाटेल, आजीला नको झालाय? पुढचे तीन-चार दिवस त्या माझ्याशी कमी आणि बाळ्याशी जास्त बोलल्या.

रविवारी ओंकार आला. शर्यत सुरू झाली, गाडी अडकली. ताईंनी त्या दिवशी हेडफोन न लावता आवाज बाहेर सोडला होता, मीही ऐकावं म्हणून की काय... त्यांनी खूप आढेवेढे घेऊन सांगितलं, की अरे, तू ठेवलेला कुत्रा आहे ना, तो जागा अडवतो. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग ओंकार म्हणाला, "कुठला कुत्रा?"

तो विसरला होता. साफ विसरला होता. ताईंनी रंग सांगितला, शेपूट सांगितलं, तेव्हा त्याला आठवलं आणि तो खो खो हसला, "आजी, तो अजून आहे? काढून टाक ना."

ताईंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. थोडं लागलंही असेल. काढून कसं टाकायचं ते मी आधीच वाचून ठेवलं होतं, म्हणून मी माऊसकडे हात नेला. तेवढ्यात ओंकारच म्हणाला, की थांब, मी सांगतो कसं काढायचं. ताईंनी मला हातानेच अडवलं आणि त्या म्हणाल्या, "सांग बाबा, मला यातलं काही येत नाही."

आणि त्याने सांगितलं. डाव्या हाताला खाली बटण आहे, ते दाब. आता लांब लिस्ट येईल. त्यात खाली खाली जा. नाही आजी, एवढं खाली नाही, वर ये. सापडलं का? त्याच्यावर टिचकी मार. आता तो विचारेल, नक्की का, म्हणून. घाबरू नको, हो म्हण. एखादा शब्द अडला की तो थांबायचा, शोधायचा आणि मराठीतलाच काहीतरी घेऊन यायचा. इतकं सलग मराठी मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ताई मुद्दाम चुकत होत्या. दोनदा नको तिथे गेल्या, आणि तो दोनदा न कंटाळता परत घेऊन आला. बाळ्या गेला तेव्हा पडदा रिकामा दिसला. ताई म्हणाल्या, हं, आता शर्यत लाव. त्या दिवशीही त्या हरल्या, पण गाडी कुठे अडकली नाही.

त्यानंतर रविवारी सकाळी आधी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावायचा, हा त्यांचा नेम झाला. शर्यतींचे खेळ बदलले, ओंकारचा आवाज फुटला, अधूनमधून परीक्षा आणि सहली आडव्या आल्या. पण रविवार टिकला. ओंकार, तुला वाटत असेल की तू वेळ काढून आजीशी खेळायचास. तसंच होतं. पण या बाजूला एक बाई तुझ्यासाठी भाजी निवडता निवडता आकडे वाचत बसली होती, हेही तुला माहीत असावं, एवढ्यासाठी हे लिहिलं.

पुढचं ईशासाठी. ताई गेल्यावर काही रविवार तो कॉम्प्युटर बंदच होता. मला त्या खोलीत बसवत नव्हतं. परवा रविवारी सकाळी, हे अर्धं लिहून झाल्यावर, एक-दोन गोष्टी पडताळून पाहाव्यात म्हणून मी तो लावला. खेळ उघडला, तर ओंकारच्या नावापुढे हिरवा दिवा, म्हणजे तो तिथे हजर. मी हेडफोन घातले. "कोण आहे?" पलीकडून आवाज आला. मी म्हटलं, मी, शालूआजी. तू काय करतोयस इथे? मग म्हणाला, "मी येतो दर शनिवारी. असाच."

मग त्याने विचारलं, की तुला चालवता येते का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग शिकवतो, घाई करू नको. माझी गाडी कुंपण तोडून शेतात गेली आणि तिथेच राहिली. तो परत येऊन माझ्याजवळ थांबला.

रविवारी सकाळची ती वेळ पुढेही चालू राहणार आहे. मराठीतच बोललो आम्ही.

तुमची,
शालूआजी